बिजागरीवरचा थेंब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शेठना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. त्या बिजागरीवर तेलाचा थेंब मी टाकला होता. आणि नंतर तोंडावर विचारलं गेलं तेव्हा ‘नाही’ म्हणालो होतो.

एवढं लिहिलं आणि दोनदा उठलो. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा दाराला कडी आहे का बघायला. दुपारचे तीन वाजलेत, सुट्टीचा वार, बायको बहिणीकडे गेलीय. कडी होती. गॅसही बंद होता. पण गेली चार वर्षं माझं हे असंच चाललंय. बसलो की उठतो, उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही. सकाळी गाडी काढली की वर्कशॉपचं वळण सोडून सरळ मोशीपर्यंत जातो आणि तिथून परत फिरतो. बायको म्हणते, “तुमच्या पायाला भिंगरी लागलीय, एकदा शुगर तपासून घ्या.” तपासून आलो. शुगर नाही.

आमचं वर्कशॉप भोसरीत आहे. आमचं म्हणजे शेठचं. मी बीडकडून आयटीआय करून इकडे आलो, फिटर म्हणून लागलो आणि आता बरीच वर्षं सुपरवायझर आहे. चार सीएनसी मशिनं, दोन ड्रिल, एक जुना लेथ. चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांना लागणारे ब्रॅकेट आणि बुश आम्ही बनवतो. काम हजाराच्या, दहा हजाराच्या लॉटमध्ये येतं. एकच नग बनवून द्या असं कुणी म्हणालं तर आमच्याकडे चहा पाजून वाटेला लावतात.

ती पोरगी सहा वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला आधी तीन ठिकाणी असा चहा मिळाला होता. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, राजगुरुनगरच्या पुढच्या एका गावातून रोज बसनं ये-जा करायची. पाठीवर सॅक, हातात कॉलेजचं पत्र आणि एक पुठ्ठ्याचा ठोकळा. ठोकळा तिनं शेठच्या टेबलावर ठेवला.

“हा काय केक आहे का?” शेठ म्हणाले.

“उपग्रह आहे काका. म्हणजे याच मापाचा करायचाय. दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, दहा उंच.”

“ताई, हे भोसरी आहे.”

“माहितीये ना. म्हणून तर आले. ॲल्युमिनियमला इतका बारीक हात दुसरीकडे कुठं मिळणार?”

शेठना हसू आलं. त्यांनी मला हाक मारली. मी ठोकळा हातात घेऊन फिरवला. आमच्या पोरांच्या जेवणाच्या डब्याएवढा होता. तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नावच ‘डबा’ पडलं.

“आणि हा वर नेणार कोण?” शेठनी विचारलं.

“मोठा उपग्रह जातो ना, त्या रॉकेटमध्ये थोडी जागा उरते. तिथं असे लहान लहान बसवतात.”

“म्हणजे पार्ट लोड,” मी म्हणालो.

चाकणला ट्रान्सपोर्टवाल्यांकडे हे रोजचंच. ट्रक एका कंपनीचा माल घेऊन निघतो, कोपऱ्यात जागा उरते, तिथं कुणाची तरी चार खोकी टाकतात. तिला तो शब्द इतका आवडला की तिनं तो वहीत लिहून घेतला. पुढे कॉलेजात सगळेच म्हणायला लागले, आपला पार्ट लोड कधी सुटतोय?

मला त्या दिवशी नक्की काय झालं ते सांगता येत नाही. आजवर अवकाश म्हणजे पेपरातला फोटो. पांढऱ्या कोटातली माणसं, मोठी दालनं. आपला संबंध टाळ्या वाजवण्यापुरता. आणि इथं एक पोरगी कूलंटच्या वासात उभी राहून विचारत होती, काका, ही कड इतकी अचूक तुम्हाला मिळेल का? मिळेल म्हणालो. मिळाली नाही. पहिल्या दोन चौकटी मोडीत गेल्या, तिसरी बसली. शेठ कुरकुरायचे, पण पाहुणे आले की त्यांना आधी डबा दाखवायचे.

दोन वर्षं ते काम चाललं. चौकट माझी, पण आतलं सगळं त्या मुलांचं. त्यांच्यात प्रत्येकाला एकेक गोष्ट दिलेली. कुणाकडे बॅटरी, कुणाकडे कॅमेरा. डबा आपल्या भागावरून जाताना धरणांचे फोटो काढणार होता आणि रेडिओवरून खाली पाठवणार होता. तिच्याकडे झडप होती.

झडपेचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रेडिओला अँटेना लागते आणि ती डब्यापेक्षा लांब असते. म्हणून ती गुंडाळून ठेवायची आणि वर गेल्यावर उलगडायची. अँटेना कशाची, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या मोजपट्टीची, ती पिवळी स्टीलची टेप असते ना, तिचा कापलेला तुकडा. गुंडाळला तरी सोडल्याबरोबर ताठ होतो. एवढं सोपं असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी माझ्या खिशातली टेप काढून दाखवली तर ती म्हणाली, “काका, तुम्ही इतकी वर्षं अँटेना घेऊन फिरताय.” तर हा तुकडा एका बोटभर झडपेखाली दाबायचा. झडप मासे पकडायच्या तंगुसाच्या धाग्यानं बांधायची. वर गेल्यावर एक छोटीशी तार तापते, धागा वितळतो, स्प्रिंग झडप उघडते, टेप सुटते. झडपेची बिजागरी तिनं स्वतः काढली होती. पिन तांदळाच्या दाण्याएवढी. ती मी आमच्या जुन्या लेथवर केली, आणि आमच्याकडे थट्टेत बोलतात तसं म्हणालो, “हिला चष्मा लावून पण शोधावं लागेल.”

तिनं मला एकच ताकीद दिली होती.

“काका, बाकी तुम्ही म्हणाल तसं. पण तेल नाही. एक थेंबसुद्धा नाही.”

पिनेवर तिनं काळसर भुकटीचा कोरडा थर बसवून घेतला होता, त्यावरच ती फिरायची. तिनं समजावूनही सांगितलं. वर हवा नाही, तेलाची वाफ होऊन कॅमेऱ्याच्या काचेवर बसते. आणि सावलीत गेलं की इतकी थंडी की आपलं मशिनचं तेल मेणासारखं थिजतं. मग भुकटीत मिसळून त्याचा डिंक होतो, उन्हात आलं तरी सुटत नाही.

मी “बरं” म्हणालो. ऐकलं मात्र नव्हतं. म्हणजे कानांनी ऐकलं, हातांनी नाही.

ज्या उस्तादाच्या हाताखाली मी शिकलो तो धातूवर धातू कोरडा फिरताना ऐकला की कानाखाली वाजवायचा. तीस वर्षं माझ्या पिशवीत एक इंजेक्शनची सिरिंज असते, सुई घासून बोथट केलेली, आत मशिनच्या स्लाइडवर घालतात ते तेल. कुठं काही करकरलं की हात आपोआप तिकडे जातो. सोसायटीचं गेट, शेजाऱ्यांचा झोपाळा, दवाखान्याचं दार. बायको अजून सगळ्यांना सांगते, “भाचीची पाठवणी चाललेली, सगळे रडतायत, आणि हे कार्यालयाच्या फाटकाला तेल घालतायत.” लोक हसतात. मीही हसायचो.

चौकट पूर्ण झाली त्या दिवशी तिचे वडील ती बघायला आले होते. ते चाकणच्या एका कंपनीत लाइनवर आहेत, शिवाय घरची शेती. पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या शर्टावरच आले. डबा हातात घ्यायला कचरत होते.

“एवढीशीच व्हय? आमची टमाट्याची क्रेट याहून मोठी असती.”

“धरा ना दादा,” ती वडिलांना म्हणाली.

“न्हाई बाबा, आमचं हात लई राकट. पडली बिडली म्हंजी?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “भाऊ, पोरीला आमी काय सांगनार? आमाला यातलं कळत न्हाई. तुमी हाय म्हनून आमी निर्धास्त.”

हे वाक्य लिहिताना मी तिसऱ्यांदा उठलो होतो. पाणी प्यालो, ग्लास धुतला, परत आलो.

डब्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. हादऱ्याची, उष्णतेची, थंडीची. दूरच्या एका प्रयोगशाळेत थंड पेटीत ठेवून झडप पाच वेळा उघडून बघितली होती, पाचही वेळा उघडली. राहिली होती शेवटची जुळणी, डबा खोक्यात भरून पाठवायच्या आधीची. कॉलेजच्या लॅबमध्ये एका कोपऱ्याला प्लॅस्टिकचे पडदे लावून स्वच्छ जागा केली होती. डोक्याला टोपी, हातात मोजे. शेवटचे स्क्रू आवळायला तिनं मलाच बोलावलं, कारण चौकट माझ्या हातची होती. पिशवी बाहेर ठेवायची होती. मी आत नेली, कारण त्यात माझा स्क्रू-ड्रायव्हर होता. दुसऱ्याच्या हत्यारानं मला काम होत नाही.

अकराच्या सुमाराला त्यांचे सर आले. प्रकल्प त्यांचाच, शांत माणूस. त्यांनी तिला कागदांवर सह्या करायला बाहेर बोलावलं. धागा बांधायचा बाकी होता. मी सहज म्हणून झडप बोटानं उघडली आणि मिटली.

कर्र.

अगदी बारीक. दुसऱ्या कुणाला ऐकूही आलं नसतं. पुन्हा उघडली, पुन्हा तेच. आता खरं सांगायचं तर मी विचार केला नाही, असं नाही. केला. मला तिची ताकीद आठवली. मला असंही वाटलं की ही पोरं पुस्तकातलं सांगतायत आणि मी तीस वर्षं लोखंड ऐकतोय. वाटलं, एवढ्या प्रेमानं बनवलेली वस्तू आपण करकरत पाठवायची? सिरिंज काढली. सुईच्या टोकाला थेंब येऊ दिला, अर्धा पुसला, उरलेला पिनेवर टेकवला. कडेला आलेलं कापडानं टिपून घेतलं.

ती परत आली, झडप हलवून बघितली आणि तिचा चेहरा खुलला.

“काका! आज किती गोड चालतेय!”

“हात बसला तिचा,” मी म्हणालो.

खरं म्हणजे पहिलं खोटं हेच. पुढचं ‘नाही’ याच्यावर उभं राहिलं. तिनं धागा बांधला, गाठीवर चिकटद्रव्याचा ठिपका दिला, फोटो काढले. फोटोत मी तिच्या शेजारी उभा आहे. पिशवी माझ्या खांद्याला आहे.

डबा सुटला. रॉकेटचं उड्डाण आम्ही वर्कशॉपमध्ये मोबाइलवर पाहिलं, सगळी मशिनं बंद करून. शेठनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या पुढे डबा आपल्या आकाशातून पहिल्यांदा जाणार होता. कॉलेजच्या गच्चीवर मुलांनी हातानं फिरवायची अँटेना उभी केली होती. लॅपटॉप, स्पीकर, वहीत वेळा लिहिलेल्या. या क्षितिजावरून त्या क्षितिजापर्यंत जायला त्याला दहाएक मिनिटं लागणार होती. एक मुलगा अँटेना आकाशात न दिसणाऱ्या गोष्टीमागे हळूहळू फिरवत होता, आणि स्पीकरमधून नुसती खरखर येत होती.

“पहिल्या फेरीत येत नाही कधीकधी,” सर म्हणाले.

दुसऱ्या फेरीत आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठव्या दिवशी मी वर्कशॉपमधून तीनदा बाहेर येऊन आभाळाकडे बघितलं, तिथं काय दिसणार होतं? शेठ म्हणाले, “अहो, मान अवघडेल.”

या लहान उपग्रहांचं एक आहे. ते कुणा एकाचे नसतात. जगभर लोक घराच्या गच्चीवर रेडिओ लावून बसलेले असतात, कुणी मास्तर, कुणी निवृत्त माणूस, आणि ओळखदेख नसताना एकमेकांच्या डब्यांचे आवाज ऐकून कळवतात. अशाच कुणा परदेशातल्या माणसानं दोन आठवड्यांनी एक ध्वनिमुद्रण पाठवलं. त्याच्याकडे मोठी अँटेना होती. खरखरीच्या तळाशी, कान दिल्याशिवाय कळणार नाही असं, टिक्-टिक् होतं. आमचाच डबा.

म्हणजे बॅटरी चालू होती, आतलं सगळं ठीक होतं. तो बोलत होता. अँटेना उलगडली नव्हती म्हणून आवाज नीट बाहेर येत नव्हता.

ते ऐकवलं तेव्हा लॅबमध्ये मी होतो. सगळे आनंदानं ओरडले, आणि मग एकेक करून गप्प झाले, कारण आता कळलं होतं की झडप उघडली नाही. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. तेच वाईट होतं.

पुढच्या आठवड्यात चर्चेला बसले. मलाही बोलावलं. सरांनी प्रश्नांची यादी केली होती. धागा वितळला असेल का? तार तापल्याची नोंद त्या टिक्-टिक्मधूनच उलगडली होती, म्हणजे वितळला असणार. स्प्रिंग पुरेशी होती का? बिजागरीवर काही बाहेरचं लागलं होतं का?

“नाही सर, कोरडीच होती,” ती म्हणाली. मग खातरजमा करायला माझ्याकडे वळली. “काका, आपण काही लावलं नव्हतं ना?”

तिनं ‘आपण’ म्हटलं. ‘तुम्ही’ नाही.

“नाही,” मी म्हणालो.

सरांनी लिहून घेतलं. पुढचा प्रश्न. मला वाटलं होतं आणखी काही विचारतील, आणि मग मी सांगेन. कुणी विचारलं नाही. माझ्या शब्दावर शंका घ्यावी असं कुणाला वाटलंच नाही.

निघाला तो निष्कर्ष असा की स्प्रिंग हलकी पडली, रचना कमी पडली. स्प्रिंग तिनं निवडली होती. वजन वाचवायला हलकी घेतली होती, आणि थंड पेटीत तीच पाच वेळा उघडली होती. पण त्याचं काय, वर एकदा नाही उघडली. रिपोर्ट लिहायलाही तीच बसली. सर नेहमी एक गोष्ट सांगायचे: मोठ्या उपग्रहाला चुकण्याची मुभा नसते, म्हणून त्यात नवीन काही करून बघायला लोक धजत नाहीत. लहान डबा चुकू शकतो. म्हणून तर तुमच्याआमच्यासारख्यांना आकाशाचं दार उघडलंय. अट एकच, चुकलं ते खरं लिहायचं आणि सगळ्यांना वाचायला ठेवायचं, म्हणजे पुढचा तिथून सुरुवात करतो. तिनं खरं लिहिलं. तिला जेवढं खरं माहीत होतं तेवढं.

दोन महिन्यांनी मी एक गोष्ट केली. माझ्या ड्रॉवरमध्ये तिच्या दोन जादा बिजागऱ्या पडल्या होत्या, झडपेसकट. एक कोरडी ठेवली, दुसरीवर त्याच सिरिंजनं तसाच अर्धा थेंब टाकला. दोन्ही धाग्यानं बांधल्या. चाकणजवळ एका शीतगृहात माझ्या गावाकडचा एक जण मेंटेनन्सला आहे. तिथं मटार आणि आइस्क्रीम ठेवायची एक खोली शून्याच्या खाली तीसपर्यंत जाते.

“काय भाऊ, कुल्फी जमवताय का?” त्यानं विचारलं.

“तसंच समज.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. त्यानं त्यांचं जाड जाकीट दिलं. आत गेलो, कात्रीनं पहिला धागा कापला. कोरडी झडप टक्कन उघडली. दुसरा कापला. तेलाची झडप हलली, निम्म्यापर्यंत आली आणि थांबली. मी उभा राहिलो. श्वासाचा धूर होत होता. तो बाहेरून काचेवर टकटक करत होता, बस झालं, बाहेर या. झडप निम्म्यावरच होती.

बाहेर आलो. रस्त्यावर कंटेनरांची रांग, ऊन, धूळ. बिजागरी तळहातावर घेऊन गाडीजवळ उभा राहिलो, आणि तिथं, चाकणच्या उन्हात, ती माझ्या हातावर हळूहळू पूर्ण उघडली.

निम्मी उघडली म्हणजे पुरावा झाला का? वर नक्की काय झालं ते कुणाला माहीत? दुसरंच काही अडकलं असेल. हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. गाडीवर, आंघोळ करताना, बिलं तपासताना. पण हे माझं मला सांगायचं नव्हतं. हे त्या मुलांपुढे टेबलावर ठेवायचं होतं, ठरवू द्यायचं होतं. मी दोन्ही बिजागऱ्या चिंधीत बांधल्या आणि ड्रॉवरच्या तळाशी ठेवल्या.

तिला लहान उपग्रह बनवणाऱ्या एका नव्या कंपनीकडून बोलावणं आलं होतं, दुसऱ्या शहरात. सरांनी मला नंतर सांगितलं. मुलाखतीत तिनं स्वतःहून सांगितलं म्हणे, आमच्या डब्यात जे बिघडलं ते माझं होतं. तिथल्या लोकांना त्याचं काही वाटलं नाही, उलट ये म्हणाले. पण तीच गेली नाही. आता वाकडच्या पुढे माण गावात एका आयटी कंपनीत आहे, विमा कंपन्यांचं सॉफ्टवेअर तपासते.

मागच्या वर्षी मी तिथं गेलो. वाकडपर्यंत गाडी नीट चालवली, पुढे ट्रॅफिकमध्ये तीनदा परत फिरावंसं वाटलं. तिच्या कंपनीसमोर चहाच्या टपरीवर उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. दोन वाक्यं होती. जेवणाच्या सुट्टीत ती मैत्रिणींबरोबर बाहेर आली, गळ्यात ओळखपत्राची दोरी. तिनंच मला आधी पाहिलं.

“काका! तुम्ही? भोसरी सोडून इकडं कुठं?”

“वाकडला पाहुण्यांकडे आलो होतो.”

“आणि चहाला माणला?” ती हसली. “काका, तुमचं गणित आमच्या सॉफ्टवेअरसारखं आहे, कुठून कुठं जाईल नेम नाही.”

माझ्यासाठी तिनं आणखी एक चहा सांगितला. वडिलांचं विचारलं तर म्हणाली, बरे आहेत, रिटायर व्हायला आलेत, अजून गावात सांगत फिरतात की आमची पेटी वर हाय. खरंच आहे वर अजून, काही वर्षं फिरेल, मग हवेत शिरून जळून जाईल. मी विचारलं, “तू ते काम का सोडलंस?”

तिनं कप टपरीच्या फळीवर ठेवला. “काका, माझा हात हलका पडला. स्प्रिंगचं तुम्ही मला म्हणाला होतात, जाड घे म्हणून. मी ऐकलं नाही. आता पुढच्या कुणाच्या डब्याला हात लावायला भीती वाटते.”

म्हणालो होतो खरा. एकदा, सहज. आणि तिनं ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. दोन वाक्यं माझ्या तोंडात होती. मी म्हणालो, “चहा गोड झालाय जरा.” तिची सुट्टी संपली. वळून हात केला आणि आत गेली. मी परत येताना रस्ता चुकून भलतीकडेच गेलो.

तरीही कदाचित हे असंच राहिलं असतं. पण गेल्या आठवड्यात त्याच कॉलेजची नवी मुलं वर्कशॉपमध्ये आली. दुसरा डबा करतायत. दोन मुली, एक मुलगा. ड्रॉइंग टेबलावर पसरलं. मी सवयीनं झडप शोधली. झडप नव्हती, बिजागरी नव्हती. अँटेना गुंडाळून बाहेरून दोन ठिकाणी बांधलेली, वजन जास्त, वर खरचटण्याची भीती वेगळीच.

“बिजागरी का काढली?” मी विचारलं.

“मागच्या ताईंची फेल गेली ना काका. रिपोर्टमध्ये आहे. संभाजीनगरकडच्या एका कॉलेजनं पण तो वाचून बिजागरी सोडून दिली. आता कुणी वापरत नाही ती.”

शेठ आतून ओरडले, “अहो, मटेरियल कधी लागणार ते विचारा.” मी ऐकलं नाही. माझं ‘नाही’ त्या कागदावर चढून एवढं लांब गेलं होतं. मी डबा बिघडवला, हे एक झालं. पण या पोरांना जे दार उघडलं होतं ते एकमेकांवरच्या विश्वासावर उघडलं होतं, आणि त्यात मी एक खोटी ओळ घालून ठेवली होती. आता सगळे तिला वळसा घालून चालले होते.

“हे ड्रॉइंग आठ दिवस माझ्याकडे ठेवून जा,” मी म्हणालो.

“काही चुकलंय का काका?” त्यातल्या एकीनं विचारलं.

“हो,” मी म्हणालो. “तुमचं नाही.”

आज आठवा दिवस. चिंधीतल्या दोन्ही बिजागऱ्या समोर टेबलावर आहेत. या कागदाची एक प्रत उद्या त्यांच्यासह सरांकडे देणार आहे, म्हणजे रिपोर्टमधली ओळ त्यांना बदलता येईल आणि ज्यांनी ती वाचली त्यांना कळवता येईल. सिरिंजही देणार आहे, हवी तर त्यांनी पुन्हा करून बघावं. बाकीच्यांनाही वाचता यावं म्हणून हे छापायला द्यायचंय, पण ते तिच्याकडे जाऊन आल्यावरच देईन. आणि तिनं नको म्हटलं तर देणार नाही.

सरांचं काम कागदानं होईल. तिचं होणार नाही. तिची बिजागरी बरोबर होती, स्प्रिंग बरोबर होती, थेंब माझा होता आणि ‘नाही’ही माझं होतं. एवढं तिच्यासमोर उभं राहून, तिच्याकडे बघत, माझ्या तोंडानं सांगणं मी तिचं अजून देणं लागतो.